सल्लागार वसंत घाडी यांचे पासष्ट किलोमीटर

वसंत घाडींना मंडळाने सल्लागार केलं, त्या रात्री ते जेवले नाहीत. आमच्या काळाचौकीच्या तारा चाळीत सल्लागार म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पावतीवर नाव छापून येतं, आरतीला खुर्ची मिळते आणि सल्ला कुणी विचारत नाही. आधीचे दोन्ही सल्लागार आता मंडळाच्या ऑफिसात भिंतीवर आहेत, हारासकट.

एकतीस वर्षं वसंतरावांनी विसर्जनाच्या मिरवणुकीत दोर धरला. मूर्तीवर गर्दी येऊ नये म्हणून कार्यकर्ते चारी बाजूंनी जाड दोर धरून चालतात, त्यातला पुढचा उजवा कोपरा त्यांचा. दुपारी काळाचौकीहून निघायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटी गाठायची. एरवी हा माणूस रे रोडच्या लाकडाच्या वखारीत सुपरवायझर. तिथले ओंडकेसुद्धा त्यांचं ऐकत नाहीत, असं कालिंदी म्हणते. पण दोर हातात आला की इन्स्पेक्टरलाही म्हणतील, "साहेब, जरा मागे."

कालिंदी म्हणजे त्यांची बायको, माझी भिंतीपलीकडची. आमच्यामधली भिंत इतकी पातळ की तिच्याकडे फोडणी पडली की शिंक मला येते. तेव्हा पुढचं सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. ऐकायचं नव्हतं, तरी.

गेल्या वर्षी घात झाला. पहाटे चारला सीपी टँकवर मिरवणूक थांबली, वसंतराव एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले आणि तोंड उघडं टाकून झोपले. वैभवने फोटो काढून चाळीच्या ग्रुपवर टाकला. वैभव आमच्या मंडळाचा नवा अध्यक्ष. वसंतरावांनी पहिल्यांदा दोर धरला त्या साली जन्मलेला. जिमला जाऊन दंड असे केलेत की हात खाली सोडले तरी अंगाला चिकटत नाहीत.

विसर्जनानंतरच्या मीटिंगमध्ये तो म्हणाला, "काका, एज फॅक्टर. तुम्हाला रात्र झेपत नाही आता. पुढच्या वर्षी ट्रकवर बसा, ड्रायव्हरच्या बाजूला. सल्लागाराचा मस्त बॅज देतो."

"झोपलो नव्हतो. डोळे मिटून आरती आठवत होतो," वसंतराव म्हणाले.

"घोरत?" मागून कुणीतरी विचारलं. खोटं कशाला सांगू, मीच विचारलं.

त्या रात्री ताट तसंच राहिलं. "जेवान गार झाला," कालिंदी तीनदा म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली नाही, तेव्हा मला जरा वाईट वाटलं.

पुढे आठवडाभराने त्यांच्या मुलीने, मनवाने, मोबाइलवर काहीतरी दाखवलं. तिच्या ऑफिसातली मुलं डोंगरात पळायला जातात. भंडारदऱ्याच्या बाजूला जानेवारीत शर्यत, पासष्ट किलोमीटर. दुपारी दोनला सुरू, पहाटे सहाला संपते. रात्रभर कपाळाला दिवा बांधून चढायचं, उतरायचं.

"रात्रभर पायावर?" वसंतरावांनी विचारलं.

"हो बाबा."

"मग त्यात काय? मी बावीस तास असतो. वर नाचतो पण."

आणि ग्रुपवर त्यांनी तसं लिहूनही टाकलं. वैभवने दोन मिनिटांत उत्तर दिलं, "काका, हे पूर्ण करा, दोर तुमचा. रूल म्हणजे रूल." खाली एकशे बारा माणसांचे अंगठे. आता माघार घ्यायला चाळ सोडूनच जावं लागलं असतं.

मनवाने कागद-पेन्सिल घेतली. "बाबा, काळाचौकी ते चौपाटी किती? धर आठ किलोमीटर. तुला लागतात बावीस तास. त्या स्पीडने पासष्टला..." ती थांबली, पुन्हा गुणाकार केला. "साडेसात दिवस. दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, गौरीबरोबरचे, सगळे गणपती बुडवून मग पोचशील तू."

"मग तू काय ता शिकव," कालिंदी आतून म्हणाली. "पण ह्येंका झोप लागाक नको."

अशी तयारी सुरू झाली. पहिल्या रविवारी शिवडीच्या किल्ल्याच्या टेकडीवर बापलेक गेले. परत आल्यावर मनवा रडायच्या बेतात. "मावशी, बाबा वीस पावलं पळतो आणि थांबतो. आपोआप! मी विचारलं काय झालं, तर म्हणतो, मागचे येऊ दे." एकतीस वर्षांची सवय ती. मिरवणूक जशी थांबत-थांबत जाते, तसेच त्यांचे पाय झालेले. बरं, सकाळी पळणारे बाकीचे लोक बाजूने पुढे जायला लागले की हे दोन्ही हात पसरून उभे. "ओ, ढकलाढकली नको! लाईनीत!" शिवडीत दोघांनी त्यांना पोलीस समजून आधार कार्ड दाखवलं.

चढाव पाहिजे, असं मनवाच्या मोबाइलचं म्हणणं. काळाचौकीत चढाव कुठून आणायचा? पण जुन्या मिलच्या जागेवर बेचाळीस मजल्यांचा टॉवर आहे आणि तिथला वॉचमन रामजी हा वसंतरावांचा गाववाला. रोज संध्याकाळी सात ते नऊ वसंतराव त्या जिन्याने वर-खाली. टॉवरवाल्यांना आपल्या इमारतीला जिना आहे, हे त्यांच्यामुळेच कळलं. एकदा लिफ्ट बंद पडली, तेव्हा सतराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी रामजीला फोन केला. "जिन्यात एक घामाघूम गृहस्थ आहेत. त्यांना रस्ता विचारू का?"

खाण्यावरून घरात रोज रण. मनवाने पळताना खायची चिकट पाकिटं आणली. वसंतरावांनी एक चोखलं आणि म्हणाले, "पोस्टाच्या डिंकात साखर घातलीय." मग कालिंदीने पाठीवरच्या पिशवीत भाकरी आणि सुकटाची चटणी बांधून दिली. त्या दिवशी वसंतराव सर्वात वेगात पळाले, कारण रे रोडपर्यंत मागे अकरा मांजरं होती.

पण खरी भीती होती ती रात्रीची, हे मला भिंतीतून कळत होतं. पाय सुधारत होते. पण पहाटे तीन-चारची ती वेळ? "परत तसाच झोपलो तर?" एकदा अर्ध्या रात्री त्यांनी कालिंदीला विचारलं. बांगड्या वाजल्या फक्त. बहुतेक डोक्यावरून हात फिरवला असेल. बघायला भिंतीला भोक नाही, काय करणार.

म्हणून डिसेंबरात दर शनिवारी त्यांनी रात्रभर चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारायला सुरुवात केली. कपाळाला दिवा. या टोकाच्या जिन्यापासून त्या टोकाच्या नळापर्यंत सत्तर पावलं. दर दोन मिनिटांनी माझ्या खिडकीवरून उजेड फिरायचा, जसं काही मी दीपगृहाखाली राहते. पहिल्या शनिवारी लोकांनी शिव्या घातल्या. दुसऱ्या शनिवारी पलंगाची दिशा बदलली. तिसऱ्या शनिवारी चाळीला अक्कल आली. माणूस रात्रभर इकडून तिकडे जातोच आहे, तर मोकळ्या हातांनी का जावा?

"वसंतराव, तिकडे जाताय तर हा विरजणाचा वाडगा शेवंतीकडे द्या."

"काका, पाणी आलं की उठवा."

"अहो घाडी, आमचे हे अजून आले नाहीत. खाली डोकवा जरा."

पहाटे साडेतीनला त्यांच्या एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात कुणाचं तरी रडणारं तान्हं. तान्हं झोपलं. वसंतराव जागे राहिले. सकाळी सहाला नळावर पहिल्या बादलीचा आवाज झाला, तेव्हा ते माझ्या दारात थांबून म्हणाले, "मालनवहिनी, जमली बघा रात्र." डोळे लाल, पण चेहरा बाप्पा आणलेल्या दिवशी असतो तसा.

जानेवारीत वैभव स्वतःची गाडी घेऊन आला. "मी स्वतः बघणार. नंतर कटकट नको." मागच्या सीटवर कालिंदी, मनवा आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण दोन थर्मास उचलायला कुणीतरी हवंच होतं.

दुपारी दोनला वसंतराव पोपटी बुटांत तीनशे तरुण पोरापोरींमध्ये उभे राहिले आणि शिट्टी वाजताच गेले. आम्ही चव्वेचाळीसाव्या किलोमीटरच्या तंबूत जाऊन बसलो. नियम असा की रात्री दीडच्या आत या तंबूत पोचायचं, नाहीतर शर्यतीतून बाद. थंडी अशी की माझे दात आपसात बोलायला लागले. अकराला वैभव म्हणाला, "दोन मिनिटं गाडीत बसतो." साडेअकराला मी काचेतून पाहिलं, तर अध्यक्ष सीट मागे पाडून, तोंड उघडं टाकून गाढ. मी फोटो काढला. उगीच नाही, कधी काय लागेल, सांगता येत नाही.

मनवाच्या मोबाइलप्रमाणे वसंतराव बाराला यायला हवे होते. बारा वाजले. साडेबारा झाले. येत होते ते दुसरेच, गुडघ्यापर्यंत ओले. एक मुलगी सूप घेता-घेता मैत्रिणीला म्हणाली, "अगं, त्या ओढ्यावरच्या अंकलमुळे वाचले. दोर धरून काय ओरडत होते! लेडीज आधी! उजवीकडून! ढकलू नका!"

कालिंदीने कपाळाला हात लावला. "मेलंय! दोर गावलो ह्येंका!"

झालं होतं ते असं. तंबूच्या अलीकडे किलोमीटरभर एक ओढा. गुडघाभर पाणी, शेवाळलेले धोंडे. आधाराला बांधलेल्या दोराचं एक टोक सुटलेलं, आणि तिथला स्वयंसेवक दुसरा दोर आणायला खालच्या गावात गेलेला, तो परतलाच नव्हता. वसंतरावांच्या पुढची मुलगी पाण्यात पडली. त्यांनी तिला उठवलं, दोराचं टोक हातात घेतलं, कमरेला वेढा मारला आणि पाय रोवून उभे राहिले. पावणेबारापासून.

दीड वाजला. तंबूतल्या माणसाने यादीवर रेघ मारली. मनवा बाहेर जाऊन उभी राहिली.

वसंतराव आले पावणेतीनला, शेवटच्या माणसाच्या मागून. त्यांच्या छातीवरचा नंबर काढून घेतला, तेव्हा त्यांनी स्वतःच पिन उघडून दिली.

"घड्याळ बघलात नाय?" कालिंदीने विचारलं.

"बघितलं गं. दीडला पस्तीस मिनिटं होती. तेव्हा निघालो असतो तर पोचलो असतो." त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "पण मागे अजून पंधरा-वीस दिवे दिसत होते."

कालिंदीने तो कप पुन्हा भरला. मी, एरवी बडबडणारी, दुसरा थर्मास उघडायला लागले.

मग झोपावं की नाही माणसाने? वसंतराव तंबूत सूप वाढायला उभे राहिले. "एकेक करून या. वाटी खाली टाकू नका." सहा वाजता उजाडलं, तेव्हाही उभेच. वैभव गाडीतून डोळे चोळत उतरला. मनवाने सगळं सांगितलं. तो ओशाळला, पण अध्यक्ष होता.

"काका, पूर्ण नाही झालं ना? रूल म्हणजे..."

"रूल. बरोबर आहे," वसंतराव म्हणाले.

मी पर्समध्ये हात घातला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं त्यांना सगळं ठाऊक असतं; भिंत त्यांच्या बाजूनेही पातळच आहे. वैभव गाडी पुसायला गेला तसे हळूच म्हणाले, "वहिनी, फोटो काढला असेल तर डिलीट करा. पोरगं दमलं होतं." केला. मनवाला पाठवून मग केला.

यंदा अनंत चतुर्दशीला सल्लागार वसंत घाडी बॅज लावून ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला बसले. लालबाग गेलं, भायखळा गेला, दो टाकी गेली. ते काचेतून दोराच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होते. तो कोपरा अध्यक्षांनी स्वतःकडे घेतलेला. पहाटे चारला मिरवणूक सीपी टँकला थांबली. तीच पायरी, तेच बंद दुकान. वैभवने पायरीकडे एकदा पाहिलं. तोंडावर हात धरून जांभई दिली. मग तो ट्रकच्या खिडकीपाशी आला आणि हातातला दोर वर केला.

"काका, जरा धरा ना. चहा घेऊन येतो."

वसंतराव उतरले. ट्रकच्या दारातून आधी पोपटी बूट बाहेर आले, मग ते. पठ्ठ्याने दुपारपासून तेच घातले होते.

चहा घ्यायला गेलेला वैभव परत आला तो सकाळी साडेसातला, गिरगाव चौपाटीवर, गालावर कुणाच्या तरी बाकाच्या फळ्यांचे वळ घेऊन. वसंतराव वाळूत पाय रोवून उभे होते. दोर न सोडता त्यांनी विचारलं, "चहा बरा होता का रे?"