पाच जणांचे रोडगे

एकट्यानं रोडगे करायला जाणारा माणूस एक तर येडा असतो, नाही तर माझ्यासारखा हट्टी. मागच्या हिवाळ्यात पांढुर्ण्याच्या माझ्या अंगणात मी ते करून पाहिले. कणीक मळेपर्यंत विस्तव विझला, विस्तव फुंकेपर्यंत वांग्याची भाजी खाली लागली, आणि वरणाकडे तर बघायलाच कोणी नव्हतं. बायको खिडकीतून ओरडली, "काय करून राहिले जी तुम्ही? घर जाळता काय?" मला घाई होती. सौंसरच्या माझ्या मित्रानं जेवण सोडलं होतं.

त्याची बायको पावसाळ्यात गेली. साधा ताप म्हणता म्हणता सगळं आटोपलं. तेव्हापासून तो दोन घास खाऊन ताट सरकवायचा. 'भूक नाही', एवढंच बोलायचा. हळूहळू तेही दोन घास गेले आणि गाडी चहा-दुधावर आली. शेवटी त्याच्या सुनेचा मला फोन आला, "काकाजी, मामाजी जेवूनच नाही राहिले. डॉक्टर म्हणते, असंच चाललं तर हा हिवाळा कठीण आहे. तुमचं ऐकतीन ते." सासऱ्याला मामाजी म्हणायची आमच्याकडची रीत. पोरगी फोनवर रडत होती.

आम्ही पाच जण सौंसरला एकाच गल्लीत राहत होतो, तेव्हापासूनचे मित्र. पुढे एक रामाकोन्याला गेला, एक बोरगावला, एक लोधीखेड्याला, मी पांढुर्ण्याला. तो तेवढा सौंसरलाच राहिला. पण कापूस वेचून झाला की दर हिवाळ्यात त्याच्या संत्र्याच्या बगीच्यात रोडगे ठरलेले. त्या दिवशी बायांनी चुलीला हात लावायचा नाही, गडीमाणसांनीच रांधायचं. जाड्या कणकेचे चार पदरी गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, गरम राखेत झाकायचे, मग फडक्यानं राख झटकून वरणात कुस्करायचे आणि वरून तूप.

रामाकोन्याचा कणीक मळायचा, त्याच्या मनगटात रग होती. मी गोळे वळायचो. बोरगावचा वांग्याची भाजी करायचा आणि लोधीखेड्याचा वरण, तेही अखंड बडबड करत. विस्तव मात्र माझ्या या मित्राचा. धुरात डोळे लाल करून तो बसून राहायचा आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवायचा. भाजी कोणाची, वरण कोणाचं, असं कोणी कधी म्हटलं नाही. रोडगे मस्त झाले, एवढंच म्हणायचे. बाप्पा, काय दिवस होते! पुण्याला पोराच्या घरी ताटात नाना प्रकार असतात, पण ती चव मला दुसरीकडे कुठंच भेटली नाही. अजूनही कुठून गोवरीचा धूर आला की जीव नुसता तुटतो.

तर माझे ते रोडगे डब्यात भरून मी बसनं सौंसरला गेलो. मित्र खाटेवर होता, गालफडं बसलेली. मी एक रोडगा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो फोडला. बाहेरून कोळसा, आतून कच्ची कणीक.

"एकट्यानं केले काय बे?"

"हाव."

"दिसूनच राहिलं," तो म्हणाला आणि डबा माझ्याकडे सरकवला.

असा राग आला मला! एवढी मरमर केली आणि साहेब तुकडासुद्धा तोंडात घालत नाहीत! पण परतीच्या बसमध्ये डोक्यात उजेड पडला. कितीतरी दिवसांनी तो 'भूक नाही'च्या पलीकडे काही बोलला होता. घरी पोचायच्या आत मी तिघांनाही फोन लावले. काऊन म्हणून कोणी विचारलं नाही. लोधीखेड्याचा फक्त म्हणाला, "डाळ मी घेऊन येतो, तुम्ही नका आणू."

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या अंगणात जमलो, कारण बगीच्यापर्यंत जायची ताकद त्याच्यात नव्हती. रामाकोनेवाल्याचे गुडघे कामातून गेलेले, तरी गडी परातीपुढे मांडी ठोकून बसला. मित्राला खुर्ची आणून दिली, तर तो आमच्याकडे पाठ करून बसला. कणीक झाली, गोळे झाले, वांगी चिरून झाली. बोरगाववाला काडी ओढायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. "ते आपलं काम नाही," मी म्हणालो. मग आम्ही चौघं म्हातारे बसून राहिलो. मधोमध बाजारातून आणलेल्या गोवऱ्यांचं पोतं, आणि दारात सून. फार वेळ गेला. मला वाटलं, फसलं सगळं.

शेवटी त्यानंच मान वळवली. वाकून पोत्यातली एक गोवरी उचलली, मोडून पाहिली.

"कोणं आणल्या ह्या? ओल्या आहेत. साऱ्यांचे डोळे फोडता काय?"

भिंतीला धरत तो उठला, बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि गोठ्याशेजारची खोली उघडली. सून जागच्या जागी थिजली. ती नंतर म्हणाली, सासू गेल्यापासून ती खोली त्यानं कोणाला उघडू दिली नव्हती. गाय विकली, पण आतल्या गोवऱ्यांना पाणी तापवायलासुद्धा हात लावू दिला नाही.

गोवऱ्या भिंतीला लावून रचलेल्या होत्या. वहिनींनी उन्हाळ्यात थापलेल्या. प्रत्येकीवर त्यांच्या बोटांचे ठसे होते. इतकी वर्षं आमचे रोडगे त्यांच्याच गोवऱ्यांवर भाजले जात होते, आणि आम्ही लेकाचे 'पाच जणांचे रोडगे' म्हणून मिरवत होतो! एकेक गोवरी तो हातात घ्यायचा, ठशांवरून अंगठा फिरवायचा आणि मग रचायचा.

"दोन-चार ठेव न गड्या," मी म्हणालो.

"कायले? तिनं याच्याचसाठी थापल्या होत्या."

सगळ्या जळल्या. एखादी मी मागून घ्यायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

त्यानं रोडगे उलटवले, दाबून पाहिले, राखेत झाकले. लोधीखेडेवाला वरणाची पळी हातात धरून त्याच्याकडेच बघत राहिला. झाले तेव्हा ते पूर्वीसारखेच झाले होते. त्यानं आम्हा चौघांना वाढलं. मग तुपाचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या सुनेकडे वळला.

"तू बस बाई पंगतीत."

ती लाजली. "मी मागून जेवीन न मामाजी."

"तुझी सासू बी असंच म्हणे," तो म्हणाला. "आमी तिले कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही."

आमचे हात ताटातच थांबले. पोरगी हळूच येऊन आमच्या रांगेत बसली. त्यानं तिच्या ताटात रोडगा फोडला, वरण घातलं, तूप सोडलं, आणि ती पहिला घास घेईस्तोवर समोर उभा राहिला. मग तिच्या बाजूला मांडी घालून बसला आणि जेवायला लागला.