पिवळा पडलेला गहू

बारभाईची खेती, काय लागेल हाती, असं आमच्याकडे म्हणतात. आम्ही तर बाराही नव्हतो. तिघंच होतो, तरी हाती काही लागलं नाही.

कृषी महाविद्यालयाचं शेवटचं वर्ष होतं. प्रत्येक गटाला कॉलेजच्या शेतात एक तुकडा मिळायचा आणि रब्बीभर त्यावर एक प्रयोग करायचा. आमच्या वाट्याला गहू आला. काही वाफ्यांना युरिया जास्त, काहींना कमी आणि तीन वाफ्यांना अजिबात नाही. बिनखताच्या वाफ्यांशी बाकीचे ताडून पाहायचे, म्हणजे खतानं नेमका किती फरक पडला ते कळतं. कॉलेजात त्या वाफ्यांना कंट्रोल म्हणतात. सगळा प्रयोग त्यांच्यावरच उभा होता.

गटप्रमुख मी, कारण बाकी दोघांनी हात वर केले नाहीत. एक सोनाळ्याचा, चांगल्या बागायतदाराचा मुलगा. दुसरा बीबी गावचा, गोड बोलणारा, कुणाला नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. आणि मी वरवट बकालची, भाजीवाल्याची पोर. मला एमएस्सीला जायचं होतं. दुसरं काही नको होतं. प्रवेश परीक्षा होतीच, पण पदवीचे गुणही धरतात, आणि माझे गुण अगदी काठावर होते. प्रोजेक्टला चांगले पडले तर पार, नाहीतर घरी. हे मी त्या दोघांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोघांनीही माना डोलावल्या होत्या.

मग दोघेही गायब झाले. मी ग्रुपवर लिहायची, उद्या उंची मोजायची आहे, फुटवे मोजायचे आहेत, या. मेसेज वाचला गेल्याच्या निळ्या खुणा यायच्या, बीबीवाल्याचा अंगठा यायचा, माणूस यायचा नाही. फोन केला की म्हणायचा, "येतो ना, रस्त्यातच आहे." कोणत्या रस्त्यात, ते देवालाच ठाऊक. सोनाळ्याचा निदान खरं तरी सांगायचा.

"अवं, या हप्त्यात मोटरची लाईन दिवसाची हाय. घरच्या गव्हाले पानी देऊन राह्यलो."

"आन् इथल्या गव्हाले कोन देईन?"

"तू हायेस न."

घरी तो उत्तम शेती करायचा. कॉलेजचा गहू मात्र त्याला सावत्र. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण बोलून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी. फुटपट्टी घेऊन मी एकटीच बांधावर बसायची, मोजायची आणि लिहायची.

जानेवारीत मला टायफॉइड झाला. अंगात उठायची ताकद नव्हती, म्हणून घरी गेले. ग्रुपवर लिहिलं, मी येईपर्यंत फक्त पाणी द्या, बाकी काही नको. दोन अंगठे आले. मी अंथरुणात पडून तो गहू वाळल्याची स्वप्नं पाहत होते.

परत आले तेव्हा अजून पाय लटपटत होते. तशीच शेतावर गेले. गहू वाळला नव्हता. ओला होता, तणही काढलेलं होतं, पाण्याचा दांड साफ होता. मला भरून आलं, खरंच सांगते. वाटलं, आपण उगीच शिव्या घातल्या बिचाऱ्यांना. मग नजर त्या तीन वाफ्यांवर गेली. मी गेले तेव्हा ते पिवळे होते, तसेच असायला हवे होते. आता ते शेजारच्या वाफ्यांसारखेच हिरवे झाले होते. खाली वाकून पाहिलं, तर बांधाच्या कडेला युरियाचे दोन-चार पांढरे दाणे पडलेले.

दोघे कँटीनमध्ये सापडले. मला पाहून सोनाळ्याचा हसत उठला.

"पाह्यलं का वावर? कसं दिसून राह्यलं?"

"त्या तीन वाफ्याईले युरिया कोनं टाकला?"

"आमीच टाकला न. पिवळं पडलं व्हतं पार."

"ते पिवळंच ठेवाचं व्हतं बे! कंट्रोल व्हतं ते!"

त्याचा चेहरा उतरला. मग खाली बघत त्यानं सांगितलं. कॉलेजची शिवार फेरी होती. गावोगावचे शेतकरी शेत बघायला येणार, त्यात त्याचे वडीलही. प्रत्येक तुकड्यावर गटाच्या नावांची पाटी लावलेली. "बुवा येनार, माह्या नावाची पाटी पाहनार, आन् खाली पिवळा गहू? चार लोकाईत काय इज्जत राह्यली असती त्याईची? मले नाई पाहवलं वं." बीबीवाला म्हणाला, "आम्हाला वाटलं, तू आजारी आहेस, तर तेवढं काम आपण करून टाकावं." पहाटे उठून दोघांनी खत फेकलं होतं, पाणी भरलं होतं. अख्ख्या हंगामात त्यांनी मनापासून केलेलं ते एकच काम.

आळसानं बुडवलं असतं तर मी तोंड भरून भांडले असते. यावर काय भांडणार? माझ्या बाबांनीही तेच केलं असतं. रस्त्याकडेचं पीक पिवळं दिसलं की आमच्याकडे माणसाला जेवण जात नाही. मी तिथंच खुर्चीवर बसले आणि रडले. बीबीवाल्यानं चहा सांगितला.

प्रोजेक्टच्या सरांकडे गेले. ते म्हणाले, आता गहू पुन्हा पेरता येतो का? जे झालं ते लिहा, आणि गटातलं गटात बघा. मी सगळा अहवाल एकटीनं लिहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. सोनाळ्याच्याला त्यांनी घरच्या बागेबद्दल विचारलं, तो रंगून बोलला, ते खूश झाले. मग माझ्याकडे वळले. बिनखताच्या वाफ्यांचं उत्पन्न एवढं कसं? मी खरं ते सांगितलं.

"गटप्रमुख कोण?"

"मी."

"मग लक्ष कुणी ठेवायचं?"

मी आजारी होते, हे तोंडापर्यंत आलं. पण शेजारी ते दोघे मान खाली घालून उभे होते, आणि मला एकदम सगळ्याचाच कंटाळा आला. तिघांना सारखेच गुण मिळाले. त्या दोघांना ते भरपूर होते. मला कमी पडले, फार नाही, थोडेच. पण काठावरच्या माणसाला बुडायला थोडंच पुरतं.

निकालानंतर सोनाळ्याचा मोटारसायकलवर आमच्या घरी आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. बाबांच्या पाया पडला. म्हणाला, "काका, तुमच्या पोरीमुळं पास झालो आमी. नाईतर काई खरं नोयतं." तो मनापासून बोलत होता, त्यामुळे आणखीच वाईट वाटलं. बाबांनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. एमएस्सी हुकलं हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. पोरगी पास झाली, एवढंच त्यांना माहीत होतं.

तो गेल्यावर पेढे शेजारी वाटत बाबा मला म्हणाले, "कॉलेजात असे जोडीदार भेटाले नशीब लागते, माय."

मी हो म्हणाले.