झाकणावरचा हात

मीटिंग लावायला मी लॅपटॉप उघडला की बाईंचा हात झाकणावर यायचा. "आधी काम कुठलं ते सांग. मग साधन ठरवू." प्रकल्पाच्या प्रमुख बाई साताऱ्याच्या, मी सांगलीचा, आणि लखनौच्या त्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघेच.

आंब्याच्या पानांवरच्या रोगाचं काम होतं. आम्ही दोघे इथे, आणि पानं तपासणारे तज्ज्ञ शुक्लाजी बनारसला, सावंत दापोलीला. ते दोघे एकमेकांना कधी भेटलेले नव्हते, पण भांडण मात्र जुन्या शेजाऱ्यांसारखं. सावंत म्हणत डाग करप्याचे, शुक्लाजी म्हणत मुळीच नाही. आठ दिवसांत एकमताचा अहवाल गेला नाही तर प्रकल्प बंद, आणि माझी कंत्राटी नोकरीही.

मी घाबरून, बाईंना न विचारताच, तीन दिवसांत चार व्हिडिओ मीटिंगा घेतल्या. पडद्यावर सगळेच डाग चहा सांडल्यासारखे दिसत. चौथ्या वेळी शुक्लाजींनी कॅमेरा बंद केला आणि बोलणंही.

पाचवी लावायला लॅपटॉप उघडला आणि झाकणावर बाईंचा हात आला. डाग हे नीट बघायचं काम, त्याला फोटो हवेत, असं बाई म्हणाल्या. पांढरा कागद, शेजारी मोजपट्टी, दुपारचा उजेड. दोघांनी अगदी सारखेच काढून एका फोल्डरमध्ये ठेवायचे. आणि रुसव्याला साधा फोन. तो त्यांनी स्वतः केला.

"शुक्लाजी, मीटिंग नहीं है. बस आप और मैं."

पुढे पाऊण तास त्या नुसतं हाँ, अच्छा करत होत्या.

दुसऱ्या दिवशी फोटो शेजारी शेजारी लागले. शुक्लाजींच्या डागांभोवती पिवळी कडा, सावंतांच्या नाही. रोगच दोन होते! दोघेही आपापल्या पानापुरते बरोबर. एकाच फाइलमध्ये चौघांनी अहवाल लिहिला आणि सातव्या दिवशी पाठवला.

मंजुरी आली, वर दुसऱ्या रोगाचं नवं कामही मिळालं. दोघांना कळवायला मी मेल लिहायला घेतला, तर बाई म्हणाल्या, "अरे, हे तोंडं बघायचं काम. आता लाव व्हिडिओ." पडद्यावर दोघेही इथल्या अमीनाबाद बाजारातल्या रेवडीचं आपापलं पाकीट फोडत होते. अहवाल गेला त्याच दिवशी बाईंनी ती कुरिअरने धाडली होती, मंजुरीपर्यंत उघडू नका अशी चिठ्ठी घालून. एवढा विश्वास आमच्या कामावर मी स्वतःही कधी ठेवला नव्हता.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप हे भेटायचंच काम, म्हणून शुक्लाजी आणि सावंत दोघेही लखनौला आले आणि स्टेशनवर पहिल्यांदा एकमेकांना भेटले. बाईंना घेऊन गाडी सुटली. शुक्लाजींनी डोळे पुसून मोबाइल काढला आणि पुढची मीटिंग कधी ठेवायची ते विचारलं.

सावंतांनी त्यांच्या मोबाइलवर हात ठेवला. "पहले काम बताइए."