खोलगट नखं

नाव : सरलाबाई चिंधा पाटील. मूळ गाव : अमळनेरकडचं. हल्ली मुक्काम : बमरोली, सुरत. व्यवसाय : घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवणे. दर्जा : गल्लीतली पहिल्या नंबरची कारागीर, सबब लग्नाची भारी साडी दलालाने प्रथम हिच्याच दारी आणावी. विशेष गुण : शेजाऱ्यांच्या प्रकृतीची निःस्वार्थ काळजी.

हा शेवटचा गुण अलीकडे उपजला. समोरच्या खोलीतली वर्षा दुपारी तासभर आडवी व्हायची, जिना चढली की धापा टाकायची, आणि तरी तिची खड्यांची साडी सरलाबाईंच्या बरोबरीने पुरी व्हायची. पाळत ठेवल्यावर गोम कळली. वर्षाची नखं चमच्यासारखी खोलगट होती. डाव्या अंगठ्याच्या नखात ती खडे चिकटवायच्या गमचा थेंब ठेवी आणि काडी तिथेच बुडवी. वाटीकडे हात न्यायचं कामच नाही.

"तुना नखमा थेंब कसा बसस वं?"

"माले काय माहीत, काकी! आपोआप बसस."

सरलाबाईंनी घरात कडी लावून स्वतःच्या नखावर थेंब ठेवून पाहिला. तो ओघळून साडीवर पडला. देव नखंसुद्धा माणूस पाहून देतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पुढे बाळांच्या लसींसाठी फिरणारी सिस्टर आली. वर्षाचा हात धरून म्हणाली, "बेन, लोही ओछुं लागे छे. अशी नखं रक्त कमी असलं की होतात. तपासून घ्या. गोळ्या घेतल्या तर चार-सहा महिन्यांत नखं सपाट होतील."

सरलाबाईंना ऐकू आलं ते शेवटचं वाक्य.

दुसऱ्याच दिवशी त्या वर्षाला ओढत आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. रक्त खरंच कमी निघालं. मग रोज लिंबूपाणी घेऊन, ती गोळी गिळेपर्यंत त्या दारात उभ्या. "गिय ती गोळी! मनासमोर गिय!" केंद्रात गोळीच्या वेळी चहा नको म्हटलं होतं, यांनी तिची चहाची पातेलीच उचलून आणली. वर्षाची सासू गल्लीभर सांगायची, सख्खी आई एवढं करत नाही. सरलाबाई मान खाली घालून ऐकायच्या आणि जाताजाता वर्षाचा अंगठा पाहून घ्यायच्या.

नखं सपाट झाली. वर्षाचं दुपारचं आडवं होणं, धापा टाकणं, दोन्ही थांबलं.

यंदाची लग्नाची पहिली भारी साडी दलालाने वर्षाला दिली.