एकाच डोळ्यातलं पाणी

बाबांची तेरवी आटोपली आणि मी मायला तिवस्याहून अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या घरी घेऊन आले. तिची अट एकच होती. कुत्रा सोबत येईल, नाहीतर ती येणार नाही.

कुत्रा बाबांचा. पिवळट रंगाचा, गावठी, तोंडाजवळ पांढरा पडलेला. आमचं शेत झेंडूचं आणि भाजीपाल्याचं. बाबा फुलं तोडायला निघाले की हा पुढे, आणि बाबा जेवायला बसले की हा ताटाशी. त्याला वेगळं नाव नव्हतं. बाबा त्याला ‘लेका’ म्हणायचे, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो.

अकोल्यात आल्यावर तो जेवेना. माय त्याच्यापुढं भाकर टाकायची. तो उठून यायचा, तुकडा तोंडात घ्यायचा, मान वाकडी करायचा आणि तुकडा खाली ठेवून परत दाराशी जाऊन पडायचा. त्याच्या डोळ्यातून पाणी वाहायचं. मायला भेटायला गल्लीतल्या बायका यायच्या, त्याच्याकडे बघून हळहळायच्या.

“मुकं जनावर, पन धन्यासाठी रडून राहिलं बिचारं,” एक म्हणाली.

मायला त्याचा फार आधार वाटला असावा. माणसांसमोर ती रडत नसे. दुपारी घर रिकामं झालं की दाराशी त्याच्याजवळ बसायची, पाठीवर हात फिरवत त्याच्याशी बोलायची आणि पदरानं आधी त्याचा डोळा पुसायची, मग स्वतःचे. मी कामावरून लवकर आले तर मला दोघं तसे दिसायचे. मी चप्पल न वाजवता मागच्या दारानं आत जायची.

पुढं एक दिवस भाकरीच्या तुकड्यावर मला रक्ताची रेघ दिसली. नीट बघितलं तर पाणी एकाच डोळ्यातून येत होतं, आणि त्या डोळ्याखाली गाल सुजला होता.

“माय, कोणी एकाच डोळ्यानं रडतं का?” मी विचारलं.

“तुले काय समजते त्याचं? तू होती काय तिथं गावाले?” ती चिडलीच. पण दुसऱ्या दिवशी ऑटोत माझ्याआधी तीच जाऊन बसली, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हळूच त्याचा ओठ वर केला. आतले दात मी पहिल्यांदाच बघत होते. मागच्या दाढांवर तपकिरी किटण दगडासारखं बसलेलं, हिरड्या लालभडक.

“आजी, तोंडाचा वास येत नव्हता का?”

“कुत्र्याच्या तोंडाले वास येनारच ना, बाई.”

“इतका नाही येत. ही वरची दाढ मुळापाशी सडली आहे. आत पू झालाय, म्हणून डोळ्याखाली सूज. पाणी त्याचंच. बरेच महिने दुखत असेल.”

मायनं हळू आवाजात विचारलं, “म्हंजे तो धन्यासाठी रडत नव्हता?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग मायकडे. “दाढ दुखत होती, आजी. बाकीचं मी कसं सांगू?”

रक्त तपासून, त्याला भूल देऊन दाढ काढली, बाकीचे दात साफ केले. परत येताना माय ऑटोत बाहेर बघत बसली. मोर्णा नदीचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, “मंग मी एकटीच रडत होती इतके दिवस.”

मी तिचा हात धरला आणि तिनंही सोडवून घेतला नाही.

बाईंनी मऊ खायला द्यायला सांगितलं होतं. मायनं पातळ भात कुस्करून ठेवला. त्यानं भांडं चाटून पुसून काढलं आणि शेपटी हलवत आणखी मागायला उभा राहिला. माय बघतच राहिली. मग त्याच्यापाशी खाली बसली. “तुह्या बाबाचे दात पडले होते ना, तं ते दुधात भाकर मोडून खात. तशीच त्यालेही देत. मी म्हनो, कुत्र्याले काय इतकं लाडावता! अन् इथं मी त्याले अख्खी भाकर टाकून राहिली.” बोलता बोलता ती हसायला लागली आणि हसता हसता रडली, माझ्यासमोर, पहिल्यांदाच.

जखम भरल्यावर बाईंनी दात घासायला शिकवलं. आपली पेस्ट अजिबात चालत नाही, कुत्र्यांची वेगळी मिळते. आधी बोटावर लावून नुसती चाटू द्यायची, मग बोट हिरडीवर फिरवायचं, त्याला सवय झाली की मऊ ब्रश. माय हे इतक्या मन लावून करायची की मला हेवा वाटायचा. संध्याकाळी दिवा लावला की ती ओट्यावर बसायची आणि तो आपणहून येऊन तोंड पुढं करायचा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यातल्याच एकीची मांजर लाळ गाळायला लागली, तेव्हा माय तिला म्हणाली, “ओठ उचलून पाह्य तिचा. काहून बसली नुसती?” मांजरीची हिरडी सुजलेली निघाली. मग हसणं थांबलं.

त्या संध्याकाळी आता आठवतात. ओट्यावरचा पिवळा दिवा, पेस्टचा तो विचित्र वास, आणि “आ कर लेका, आ कर,” म्हणताना स्वतःचंच तोंड उघडणारी माय. त्यानं पुढं काही वर्षं मजेत काढली आणि म्हातारपणानं, उन्हात झोपल्या झोपल्या गेला. माय त्यानंतर तिवस्याला माझ्या भावाकडे राहायला गेली. माझ्या ओट्यावर आता कुंड्या आहेत.

भावानं यंदा कुत्र्याचं एक पिल्लू आणलंय. परवा मायचा फोन आला.

“अवं, पिल्लाचा दात पडला. भाताच्या दान्याएवढा आहे. अंगनात सापडला मले.”

“माय, दुधाचे दात पडतातच. घाबरू नको.”

“मले मालूम आहे ते. घाबरून कोन राहिलं? तुले सांगावं वाटलं, म्हनून सांगून राहिली.”