भावजींचा मोठ्या अक्षरांचा टीव्ही

"किती महिन्यांचं आहे हो?" पुलाच्या चढावर एका बाईनं बाबागाडीवरची चादर जरा बाजूला करत विचारलं.

"सहा वर्षांचं," भावजी म्हणाले. "अजून चालत नाही."

बाईनं आत डोकावून पाहिलं. उशीवर आडवा ठेवलेला काळा कॉम्प्युटर, त्याच्या कुशीत पुस्तकाएवढा एक डबा आणि पायथ्याशी तारांचं भेंडोळं. ती चादर सोडून झपझप चालती झाली. मी तोंडाला रुमाल लावून हसू दाबलं. भावजींचं मात्र लक्ष रस्त्यावर होतं, गाडी खड्ड्यात जाऊ नये म्हणून. रिक्षा करू या असं मी निघताना म्हटलं होतं. तर म्हणाले, "हादऱ्यांनी डिस्क जायची, वहिनी. या गाडीला स्प्रिंगा आहेत." म्हणून शेजारणीची बाबागाडी मागून आणली आणि अर्धं शहर तुडवत आम्ही दोघं केबलच्या ऑफिसात निघालो होतो.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लिफ्ट दुरुस्त करतात. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांना बाहेर काढायचं माझं काम, मी कशाला अडकू?" सासूबाई त्यांना खटपट्या म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या कपाटाला त्यांनी कुणाला न सांगता कडी बसवून दिली. उलटी बसली. मी ती तशीच ठेवली आहे. एवढ्या मायेनं केलेलं काम सुलट करायला माझा हात धजावला नाही.

सासूबाईंना ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांच्या आधी भावजींनाच कळलं. आम्ही हसलो की सासूबाईही हसायच्या, पण एक श्वास उशिरा. आमची तोंडं बघून. कानाचं यंत्र आणलं, ते त्यांनी आठवडाभरात डबीत घालून ठेवलं. "यात माणसांपेक्षा भांडी जास्त बोलतात," म्हणाल्या. हळूहळू त्या ताट घेऊन उठायला लागल्या, मधूनच, कुणाचं लक्ष नसताना.

टीव्हीवर बोललेलं खाली लिहून येतं, ते त्यांना वाचता आलं असतं. पण केबल कंपनीच्या खोक्यातून येणारी ती अक्षरं मुंगीएवढी. मग भावजींनी हा कॉम्प्युटर जुळवला. केबलची तार ज्यात खुपसायची तो डबा म्हणजे ट्यूनर. त्यात कंपनीचं एक कार्ड सरकवायचं, त्यानं चॅनेलांची कुलपं उघडतात. मग सगळं कॉम्प्युटरमधून टीव्हीवर दिसतं. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. भावजींनी ती दुकानाच्या पाटीएवढी केली, काळ्यावर पिवळी. एखादी ओळ निसटली तर चालू कार्यक्रम थांबवून मागेही नेता येई. सासूबाई रिमोट टीव्हीवर रोखून "थांब रे!" म्हणायच्या, मग बटण दाबायच्या.

आणि वाचायच्या मोठ्यानं. नुसतं बोलणं नव्हे, कंसात लिहिलेलं असेल तेही. "दार करकरतं!" "दूरवर कुत्रा भुंकतो!" नटीच्या आधी ह्या म्हणायच्या, "हुंदका!" आमचे हे पेपर वाचता वाचता दचकायचे.

"आई, मनात वाच ना गं!" हे हात हलवून खुणेनं सांगायचे.

"मनात वाचलं तर तुम्हाला कसं कळायचं?"

पण त्या पुन्हा ताटावर बसून राहायला लागल्या. त्या मालिकेतल्या डॉक्टरची नियत खोटी आहे हे आपण आधीच ओळखलं होतं, यावरून माझ्याशी वाद घालायला लागल्या. वाद घालणारी सासू परत मिळाली म्हणून देवाचे आभार मानणारी सून मी एकटीच असेन.

मग एक दिवस विजेचा दाब वरखाली झाला आणि ट्यूनर जळाला. भावजींनी कुणाकडून तरी वापरलेला दुसरा आणला. पण कार्ड एका डब्याशी जोडलेलं असतं. डबा बदलला की कंपनीला कळवून नव्याशी जोडून घ्यावं लागतं. भावजींनी फोनवर फोन केले, डब्यावरचा नंबर वाचून दाखवला, "झालं काम" असं प्रत्येकानं सांगितलं, आणि पडद्यावर अंधार तो अंधार. तोवर सासूबाईंनी खुर्ची टीव्हीकडून खिडकीकडे फिरवली होती. शेवटी फोनवरचा माणूस कंटाळून म्हणाला, सगळं सामान घेऊन ऑफिसात या. मी बरोबर निघाले, कारण काउंटर दिसला की भावजींची वाचा बसते.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, एवढं कशाला? आमचं नवीन खोकं घेऊन जा की." तिनं भिंतीवरच्या टीव्हीवर लावून दाखवलं. अक्षरं जास्तीत जास्त मोठी केली, तरी मला चष्मा काढून जवळ जावं लागलं.

"माझी आई पंच्याऐंशीची आहे," भावजी एवढंच बोलले.

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "आणा इकडे," म्हणाली.

भावजींनी तारा जोडल्या. मी मनात देवाचं नाव घेत होते. पडद्यावर डब्याचा लांबलचक नंबर आला. मुलीनं तो पाहिला, डबा हातात घेऊन त्यावरचा नंबर पाहिला, पुन्हा पडदा पाहिला.

"काका, हे दोन वेगळे आहेत."

"असं कसं?"

"हे झाकण याच डब्याचं आहे ना?"

भावजींनी कपाळावर हात मारला. नव्या डब्याचं झाकण तडकलेलं होतं. जुन्याचं चांगलं होतं. टाकून कशाला द्यायचं, म्हणून भावजींनी ते काढून याला बसवलं होतं, त्यावरच्या नंबरच्या चिठ्ठीसकट. इतके दिवस कंपनीची माणसं इमानेइतबारे जळालेल्या डब्याशी कार्ड जोडून देत होती!

"अहो खटपट्ये!" मी म्हटलं. रांगेतला एकजण खो खो हसला, मुलगी हसली, आणि शेवटी भावजीही कान लाल होईपर्यंत हसले. तिनं पडद्यावरचा नंबर फोनवरून कळवला. जरा वेळानं बातम्या दिसायला लागल्या आणि खाली हातभर पिवळी अक्षरं आली, "उद्या आकाश ढगाळ राहील." रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं लांबूनच ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

तारा गुंडाळताना मुलगी हळूच म्हणाली, "काका, सांगून ठेवते. ही कार्डं आता कंपनी देत नाही. आहे ते चालेल तोवर चालेल. बिघडलं तर मला बदलून देता येणार नाही."

भावजींनी मान हलवली. गाडीवर चादर नीट पांघरली.

परतीच्या वाटेवर पुलापर्यंत त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा गाडीतल्या चादरीकडेच होतं. मीच म्हटलं, "काढाल तुम्ही काहीतरी युक्ती. आज मिळालं ना, आज बघू."

"युक्ती काढीन. पण मधे गेले ना दिवस अंधाराचे, तेव्हा रोज जेवताना बघत होतो मी." त्यांनी गाडी थांबवली. "आपण सगळे ताटात बघून बोलतो, वहिनी. दादा तर घास तोंडात ठेवून. आईनं वाचायचं काय? आता ऐकू येत नसलं तरी ओठ कळतात तिला, समोर असले तर."

त्यांचं खरं होतं.

"माझं निम्म्या वेळा जेवण बाहेर. दादाला मी सांगितलं तर तो चिडेल. तुम्ही सुरू करा ना. रोज एक काहीतरी तिच्याकडे तोंड करून सांगा, सावकाश. भाजीवाल्याचं सांगा, काहीही सांगा. आणि ओरडून नको हं, वहिनी. ओरडलं की तिला वाटतं, आपण तिच्यावर चिडलोय."