रडू नये म्हणून

पोळ्याच्या दिवशी मालकाने मला बैलांच्या रांगेत उभं केलं. शिंगांना हिंगूळ लावलेले चार बैल, पाठीवर झुली, आणि शेवटी मी. लंगोट लावून. व्याही आले होते, त्यांना दाखवायचं होतं. माझ्या पाठीवर थाप मारून मालक म्हणाला, "हाऊ मन्हा पाचवा बैल शे."

व्याह्याने विचारलं, "मारस का?"

"मी सांगस तव्हयच मारस."

ओटाभर लोक हसले. मग मालकाने माझा मोडलेला कान चिमटीत धरून दाखवला. कुस्तीत घासून घासून कान मोडतो, कणकेच्या गोळ्यासारखा फुगतो. "आते मान फिराव," मालक म्हणाला. मान फिरत नव्हती. मी सगळ्या अंगानिशी वळलो. "दखा, मान बी बैलनीच," म्हणाला. परत हशा. मालकीणबाई आल्या. बैलांच्या तोंडात त्यांनी पुरणाचा मांडा हाताने भरवला. माझ्या ओंजळीत वरून टाकला. बैलाला शिवलेलं चालत होतं. मी भिल्ल.

आमचं गाव शहाद्याच्या अलीकडे. कापूस मालकाचा, सरकी काढायचं जिन मालकाचं, आमची झोपडी होती ती जागाही मालकाची. बाप त्याच्याकडे सालाने. एकदा चिखलात रुतलेली गाडी मी खांदा लावून काढली, ते मालकाने पाहिलं आणि मला आखाड्यात घातलं. बाहेरून वस्ताद आणलेला होता. तूप, बदाम, आणि रोज लोटाभर दूध. भिलाटीतले, आमच्या वस्तीतले, म्हणाले, नशीब काढलंस. मला तेव्हाही बरं वाटलं नाही. गाईला पेंड घालतात ती काही गाईच्या मायेने नाही. पण भूक होती, प्यायलो. वस्ताद दुधात काहीतरी घोटून घालायचा. कडसर लागायचं. म्हणायचा, ताकदीचं शे.

खरंच, काही दुखायचं नाही. बोट मोडलं, दुसऱ्या दिवशी कुस्ती. गुडघा सुजला, कुस्ती. एकदा समोरच्याने उचलून डोक्यावर आपटलं, मानेत कट्कन आवाज झाला, तरी मी उठलो आणि त्याला चीत केलं. मालकाने फेटा उडवला. मान तेव्हापासून गेली.

माझ्याआधी मालकाचा पहिलवान सुपडू होता. आता जिनच्या फाटकाशी बसलेला असायचा. हात थरथरायचे. येईल त्याला "मालक" म्हणायचा, कुत्र्यालासुद्धा. स्वतःचं नाव विचारलं की विचारात पडायचा. मालक सगळ्यांना सांगायचा, "लंगोट सैल व्हई गया, म्हनीसन डोकं फिरनं." गाव हो म्हणायचं. तो किती वेळा डोक्यावर पडला, ते कुणी बोलत नव्हतं. मी सुपडूकडे बघायचो आणि माझी मान चाचपायचो.

मग वस्ताद नात्यातल्या लग्नाला गेला. दूध थांबलं. आणि माझं अंग फुटायला लागलं. मानेतून कळ निघायची ती बोटांपर्यंत जायची, दोन बोटं तर मेल्यासारखी. जुना गुडघा, जुनं बोट, सगळी दुखणी एकदम दारात उभी राहिली. नाक वाहत होतं. जांभया थांबेनात. वस्ताद परतला, लोटा दिला, आणि थोड्याच वेळात सगळं गार. दुधाने भूक जाते. पण त्याने मोडलेलं हाड बरं होतं, हे मला पटेना.

दुसऱ्या दिवशी मी लोटा तोंडाला लावल्यासारखं केलं आणि तसाच घरी आणला. मायला म्हटलं, चाखून बघ. तिने बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. लगेच थुंकली.

"हाई अफू शे."

"तुले कसं माहीत?"

तिने चुलीत लाकूड सारलं. "तू तान्हा व्हता तव्हय मीच तुले देत व्हती. बोटवर. मालकना वावरमा कापूस येचाना व्हता. पोऱ्या रडे तर मुकादम घर धाडी देत व्हता." मग म्हणाली, "समद्याच देत व्हत्यात. तुम्ही रडाले नको म्हनीसन."

मला बांध आठवला. माझ्या धाकट्या बहिणीला सांभाळायला मी जायचो तो. बाभळीखाली फडक्यांवर पोरं ओळीने निजलेली. एकही रडत नसे. मालक घोडीवरून जाताना म्हणायचा, भिल्लांची पोरं मोठी गुणी. आम्ही गुणी नव्हतो. आम्हाला गप्प केलेलं होतं. आणि माझं तर अजून चालूच होतं. तेव्हा बोटावर, आता लोट्यात.

वस्तादाला मी विचारलं. तो जरासुद्धा दचकला नाही. "तुले दुखस का? नही ना? मंग काय बोंब शे?"

मी दूध गुपचूप कुंपणाकडे ओतायला लागलो. रात्ररात्र तळमळलो, पण ओतत राहिलो. मला माझं दुखणं बघायचं होतं, किती आहे ते. भरपूर होतं. आणखी एकदा मान दबली तर माझी जागा सुपडूच्या शेजारी, हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या जत्रेत मालकाने माझी कुस्ती लावली. समोरचा बऱ्हाणपूरकडचा, तोही कुणा मालकाने पाळलेला. ढोल वाजत होता. कुस्तीआधी दोघांनी एकमेकांच्या हातात आखाड्याची माती द्यायची, ती सलामी. त्याशिवाय कुस्ती लागत नाही. त्याने माती पुढे केली. मी त्याचे डोळे बघितले. बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा, अफू घेतलेल्याचा असतो तसा. एक खांदा खाली लोंबलेला, आणि त्याला पत्ता नव्हता.

मी हात मागे घेतला.

"हात दे, भिल्ल्या," मालक खुर्चीवरून म्हणाला.

"मालक, मन्ही मान दुखी ऱ्हायनी. मी नही खेळस."

"तुले कधी दुखत नही."

"दुखस. तुम्ही दूधमा अफू दी ऱ्हायनात, म्हनीसन समजत नव्हतं."

मालक उठला नाही. त्याने नुसता वस्तादाकडे हात केला, मला बाहेर काढायला. लोकांनी ढेकळं मारली. कुणी म्हणालं, लुगडं नेस. समोरच्याला मी म्हटलं, "तुन्हा खांदा उतरेल शे. घर जा." तो हसला. त्याला दुसरा गडी दिला आणि तो खेळला. ढोल थांबलाच नाही.

त्या आठवड्यात बापाचं साल तुटलं, झोपडी मोडली. मालकाने गावाला सांगितलं, हा समोरच्या मालकाला फितूर झाला. गावाने मानलं. आम्ही अक्कलकुव्याकडे डोंगराच्या पायथ्याशी आलो. लाकडं तोडतो. मान फिरली नाही, फिरायचीही नाही. मोळी डोक्यावर घेता येत नाही, पाठीवर घेतो. इथेही कुणी जास्त गोड बोललं, काही फुकट दिलं, की मी आधी वास घेतो. लोक हसतात. हसोत.

आता मला पोरगा झाला. बायको इथल्या एका पाटलाच्या वावरात निंदायला जाते, पोराला बांधावर ठेवून. शेजारची म्हातारी कागदात गुंडाळून काळी गोळी घेऊन आली. चांगल्या मनाने आली होती. बायकोने माझ्याकडे बघितलं, मायने खाली बघितलं. गोळी मी चुलीत टाकली.

पोरगा रडतो. मुकादमाने दोनदा ताकीद दिली आहे, तिसऱ्यांदा काम जाईल. जाईल तर जाईल, उपाशी राहू. दुखलं की रडायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, ते घेऊनच तो आला आहे. ते मी कुणालाही त्याच्याकडून काढून घेऊ देणार नाही, आमच्या माणसांनाही नाही. रडू दे त्याला बांधावर. पाटलाच्या ओट्यापर्यंत ऐकू जाऊ दे.